पाठ टेकण्याचा अधिकार

मराठी भाषेने मनुष्याच्या पाठीला जेवढा मान दिला आहे, तेवढा दुसऱ्या अवयवाला क्वचितच दिला असेल. संकटात जो साह्याला उभा राहतो तो पाठीराखा. प्रसंगी जे उपयोगी पडते ते पाठबळ. नव्या नवरीबरोबर तिच्या सासरी जाते ती पाठराखीण. आपल्या मागून जो जन्मास आला तो पाठचा भाऊ. रणातून पळणारा पाठ दाखवितो, आणि दिवसभर राबून घरी आलेला पाठ टेकतो. या साऱ्या शब्दप्रयोगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मनुष्याला स्वतःची पाठ दिसत नाही. तिची राखण दुसऱ्या कोणीतरी करावी लागते, आणि ज्याला आपण पाठ टेकतो त्याच्यावर न पाहता विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच पाठ कोठे टेकावी, कोणी टेकावी आणि कोणाला टेकू द्यावी हा प्रश्न वरवर कितीही क्षुल्लक वाटला तरी तो नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

हा विचार आमच्या मनात आला तो एका अगदी साध्या प्रसंगाने. डिचोली महालातील एका देवळाच्या सभामंडपात दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत दीड फूट उंचीचा बांधीव कट्टा आहे. आमच्याकडे त्याला सोपो म्हणतात. उजव्या हाताच्या सोप्यावर महाजन मंडळी बसतात, डाव्या बाजूस स्त्रिया बसतात, आणि बाकीचा समुदाय मध्ये अंथरलेल्या बिछायतीवर बसतो. असे बसावे हे कोठे लिहिलेले नाही, परंतु कोणाला सांगावेही लागत नाही. गेल्या चैत्रात मुंबईस स्थायिक झालेल्या एका सद्गृहस्थांनी समितीस कळविले की, आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ उजव्या सोप्यामागील भिंतीवर पाठीला टेकण्यासाठी कापडी गाद्या कायमच्या बसवून देण्याची आपली इच्छा आहे. अठरा फुटांची भिंत, तीन तीन फुटांच्या सहा गाद्या, भिंतीला अगदी चिकटून, मध्ये फट नाही, खालीवर नाही. प्रत्येक गादीच्या वरच्या कडेस वडिलांचे नाव. सर्व खर्च त्यांचा.

आमचे पहिले मत या सूचनेस सर्वस्वी अनुकूल होते हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आमचे वय साठीच्या पलीकडे गेलेले आहे, आणि कीर्तनाच्या उत्तररंगापर्यंत आमचा कणा आमच्या आज्ञेत राहत नाही. चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावली की पावसाळ्यात ओल लागते आणि उन्हाळ्यात चुन्याची भुकटी सदऱ्याला चिकटते. आजवर यावर उपाय म्हणजे देवळाचे चार लोड. सावरीच्या कापसाने भरलेले, पांढऱ्या खोळीचे. ते सभामंडपाच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले असतात आणि कोणी मोठा मनुष्य आला की कोणीतरी उठून एक आणून देतो. चार लोडांत सर्वांचे भागत नाही. तेव्हा सहा गाद्या भिंतीवरच बसल्या तर वाईट काय, असा आमचा सरळ हिशेब होता.

काम पाहण्यासाठी मेस्ताला बोलाविले. त्याने जी माहिती सांगितली ती ऐकण्यासारखी होती, आणि पुढील विचाराला ती उपयोगी पडली म्हणून येथे थोडक्यात देतो. अशी गादी म्हणजे मुळात एक फळी. तिच्यावर फोमचा किंवा काथ्याचा थर, त्यावर कापड ताणून मागील बाजूस पिनांनी घट्ट केलेले. भिंत ओळंब्यात सरळ उभी असते, मनुष्याची पाठ मात्र तशी नसते. म्हणून गादी खाली कमरेपाशी जाड आणि वर खांद्यांपाशी पातळ ठेवावी लागते, तरच टेकणाऱ्याला सुख होते. भिंतीवर ती बसविण्याची उत्तम रीत अशी की लाकडाची एक पट्टी लांबीच्या अंगाने तिरकस कापून तिचे दोन भाग करावयाचे. एक भाग भिंतीला पेचांनी जखडावयाचा, दुसरा गादीच्या मागे. मग गादी वरून खाली सोडली की एक तिरका काठ दुसऱ्यात अडकतो आणि गादीच्या स्वतःच्या वजनानेच ती भिंतीकडे ओढली जाते. समोरून एकही खिळा दिसत नाही. पट्टी एका रेषेत आहे की नाही हे पाण्याने भरलेल्या नळीने पाहावयाचे. पेच चिऱ्यांच्या सांध्यात घालावयाचा नाही, कारण तेथला जुना चुना भुगा होऊन गळतो. तो चिऱ्याच्या अंगातच, आधी गुटखी ठोकून, घालावयाचा.

इतके सांगून झाल्यावर मेस्ताने भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाला, “वंटीक लेगीत वारें जाय.” भिंतीलाही वारा हवा. जांभा दगड सच्छिद्र. आमच्या मुलखात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि चार महिने भिंत पाणी पीत असते. ते पाणी बाहेर पडावयास वाट हवी. तिच्या अंगाला फळी आणि फोम अगदी चिकटवून बसविला तर ओल मागे कोंडते, बुरशी धरते, आणि लाकडाचा वास लागला की वाळवीला आमंत्रण द्यावे लागत नाही. तेव्हा एक तर मागे अंगठ्याएवढी फट ठेवा, किंवा गादी अशी अडकवा की पुरुमेंताच्या दिवसांत काढून उन्हात टाकता येईल आणि पावसाळाभर कोरड्या खोलीत ठेवता येईल. देणगीदारांची इच्छा मात्र अशी होती की गादी भिंतीशी एकजीव दिसावी आणि कायमची असावी. ‘कायमची’ या एका शब्दावर पहिली बैठक संपली.

दुसऱ्या बैठकीत प्रश्नाने निराळेच रूप घेतले. एका वृद्ध सभासदांनी विचारले की देवासमोर पाठ टेकून बसावे का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या शास्त्रांनी बसण्याचा विचार बारकाईने केला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाचे आसन फार उंच नसावे, फार सखल नसावे, दर्भ, अजिन आणि वस्त्र एकावर एक अंथरून ते केलेले असावे, आणि त्यावर धड, मस्तक व मान एका रेषेत ठेवून बसावे असे सांगितले आहे. पतंजलींनी आसनाकडून दोनच गुणांची अपेक्षा केली, स्थैर्य आणि सुख. ब्रह्मसूत्रकारांनीही उपासना बसूनच करावी असा निर्णय दिला, कारण उभ्याने चित्त देह सांभाळण्यात गुंतते आणि आडवे पडल्यास निद्रा येते. या तिन्ही ठिकाणी पाठीमागील आधाराचा उल्लेख नाही. भिंतीचा तर नाहीच. बोधिधर्माविषयी अशी कथा आहे की तो नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणजे भिंत त्यानेही टेकण्यासाठी वापरली नाही. आमच्या डिचोलीच्या कारागिरांनी घडविलेली पितळी समई कोणत्याही भिंतीला टेकून उभी राहत नाही. तिची बैठक रुंद असते, म्हणून तिला टेकूची गरज नसते. साधकाचे आसन हे असे समईसारखे असावे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु सभामंडपात बसलेला प्रत्येक मनुष्य त्या घटकेला योगी नसतो, आणि त्याने तसे असावे अशी देवाचीही अपेक्षा नसावी. गर्भकुडीत जप करणारा आणि मंडपात पुराण ऐकणारा या दोघांची कार्ये भिन्न आहेत. श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली पायरी आहे, आणि श्रवणाला स्वस्थ देह लागतो. जत्रेच्या रात्री आमच्याकडे दशावतार उजाडेपर्यंत चालतो. ताठ कण्याने तो पाहणारे तरुणांतही थोडेच सापडतील. शिवाय ज्याच्या समोर बसावयाचे त्या देवाचीच बैठक पाहा. उत्सवमूर्ती पालखीत बसते ती मऊ गादीवर, दोन्ही बाजूंस लोड घेऊन. देवाला जे सुख आपण आवडीने देतो ते थकल्या भक्ताला देणे पाप कसे ठरेल? भक्तिमार्ग हा देहाला छळण्याचा मार्ग नव्हे.

याच ठिकाणी परमुलखातील एक गोष्ट आम्हांस आठवली. मध्ययुगात युरोपातील मठांमध्ये भिक्षूंना प्रार्थनेच्या वेळी तासन् तास उभे राहावे लागे. वृद्धांना ते सोसेना. म्हणून त्यांच्या घडीच्या आसनाखाली एक लहानशी फळी बसविण्याची प्रथा पडली. आसन वर उचलले की भिक्षू उभा दिसे, पण त्याचा भार त्या फळीवर थोडासा टेकलेला असे. त्या फळीला त्यांनी जे नाव दिले त्याचा लॅटिन अर्थ ‘दया’ असा होतो. मिझेरिकॉर्दिया हा शब्द पोर्तुगीज अमलामुळे गोमंतकीयांच्या कानांना अपरिचित नाही. नियम मोडला नाही आणि म्हातारपणाची लाजही राखली. पण त्याच धर्माच्या इंग्लंडातील देवळांत पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दुसरी प्रथा जोरात होती. श्रीमंत कुटुंबे वर्षासनावर बाके भाड्याने घेत, काही बाकांना तर दारे आणि कुलपेही असत. गरिबांनी मागे किंवा मधल्या वाटेत उभे राहावे. लाकूड तेच, देव तोच. एका ठिकाणी आधाराचे नाव दया झाले आणि दुसऱ्या ठिकाणी मालकी. तेव्हा पाठ टेकावी की नाही हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. टेकण्याची जागा कोणाची आणि कोणत्या नात्याने, हा खरा प्रश्न आहे.

आणि या प्रश्नाला आमच्या देशात मोठा इतिहास आहे. बालक ध्रुव बापाच्या मांडीवर बसावयास गेला तेव्हा सावत्र आईने त्याला खाली उतरविले, कारण ती जागा दुसऱ्याची होती. त्या एका अपमानातून तो वनात गेला आणि जेथून कोणी उठवू शकणार नाही असे अढळपद मिळवून परतला. 1666 साली आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना जी रांग दाखविण्यात आली ती त्यांच्या मानाची नव्हती. पुढे उभ्या असलेल्या सरदाराची पाठ पाहून ते संतापले, कारण ती पाठ आपल्या सैन्याने रणात पाहिलेली आहे असे ते म्हणाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. बसण्याउभे राहण्याच्या जागेत मनुष्याची किंमत दडलेली असते हे या दोन्ही गोष्टींवरून स्पष्ट होते. आमच्या देवळांतील मानपानही याच जातीचा आहे. पालखीला खांदा पहिला कोणाचा, प्रसाद आधी कोणाला, दिवजोत कोणाच्या हाती, यांवरून झालेले तंटे न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. 1933 च्या देवस्थान नियमावलीने महाजनांची नोंद, समितीची निवडणूक आणि हिशेबाची वही यांना कायद्याचे स्वरूप दिले. परंतु मंडपात कोणी कोठे बसावे हे त्या नियमावलीने नव्हे, लोकांच्या डोळ्यांनी ठरते.

आता लोड आणि भिंतीवरची गादी यांच्यातील भेद विचारात घेऊ. लोड हा चालता आहे. पाहुणा जेथे बसेल तेथे तो जातो. त्यासाठी कोणाला तरी उठावे लागते, कोणाची पाठ अवघडली आहे हे पाहावे लागते, आणि वाकून तो ठेवावा लागतो. या तीन लहान कृतींत अगत्य आहे. भिंतीवर जखडलेल्या गादीला यांपैकी कशाचीच गरज नाही. ती कोणाकडे जात नाही; मनुष्यानेच तिच्याकडे जावयाचे. आणि ती जर केवळ उजव्या सोप्यावर असेल, तर आजवर जो भेद नजरेने पाळला जात होता तो पेच मारून पक्का केला जाईल. या विचारसरणीने पाहता लोडच श्रेष्ठ, असा निर्णय आम्ही दुसऱ्या बैठकीत दिला आणि आमच्या भाषणावर आम्ही स्वतःच प्रसन्न होतो.

ही प्रसन्नता फार दिवस टिकली नाही. वैशाखात एके सायंकाळी पुराण चालू असताना आम्ही नेहमीप्रमाणे लोडाला टेकून बसलो होतो. मंडपाच्या मागील बाजूस, स्त्रियांच्या समुदायापासूनही थोडी दूर, एका खांबापाशी एक वृद्ध बाई बसलेली होती. तिच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या या देवळाचे अंगण झाडले आहे आणि समयांना तेल घातले आहे. ती त्या जागी बसते हे आम्ही निदान तीस वर्षे पाहत आहो. त्या दिवशी गाद्यांचा विषय डोक्यात घोळत असल्यामुळे प्रथमच आमच्या लक्षात आले की तिने पाठ खांबाच्या कोनाला लावलेली आहे, आणि दर थोड्या वेळाने ती एका कुशीवरून दुसरीवर सरकते. पुराण संपल्यावर आम्ही जवळ जाऊन विचारले की, मावशी, तुला लोड आणून देऊ का? ती खरोखर दचकली. मग हसून म्हणाली, “म्हाका खांबो आसा न्हय!”

मला खांब आहे ना! तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले. लोड चालता असतो असे आम्ही सभेत मोठ्या प्रौढीने सांगितले होते. तीस वर्षांत तो लोड त्या खांबापर्यंत वीस पावले चालत गेला नव्हता. तो चालत असे, पण ठराविक वाटेने. ज्याला आम्ही अगत्य म्हणत होतो ते अगत्य डोळ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि डोळ्यांना ज्यांची सवय झालेली असते ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्या लोडांपैकी एक आमच्याच पाठीमागे होता, हे सांगावयास लाज वाटते, परंतु सांगितले पाहिजे.

येथे आमच्या युक्तिवादाची बाजू उलटली. लोड हे दान आहे आणि भिंतीवरची गादी ही सोय आहे. दानात देणाऱ्याचे मन दिसते हा त्याचा गुण. पण घेणाऱ्याला दरवेळी देणाऱ्याच्या नजरेस पडावे लागते हा त्याचा दोष. सोय कोणाची वाट पाहत नाही. जो आधी आला त्याने टेकावे. मागावे लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आपल्याला लोड मिळाला नाही हे चारचौघांत दिसत नाही. मनुष्याच्या प्रतिष्ठेला हे शेवटचे कारण फार मोलाचे आहे. म्हणून ज्या आधाराची गरज देहाला आहे तो शक्य तितका सोयीच्या स्वरूपात असावा, आणि दानाचे स्वरूप मानासाठी राखून ठेवावे. भिंतीवर गादी जखडण्यात अन्याय नाही. एकाच भिंतीवर जखडण्यात आहे.

तथापि जखडण्याचाही विचार करावयास हवा, कारण ‘कायमचे’ हा शब्द अद्याप शिल्लक होता. त्या शब्दावर आमच्या महालाचा इतिहासच भाष्य करतो. नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलस्वामी. आपल्या नाण्यांवर ते राजे त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख अभिमानाने करीत. त्याचे स्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देवालय मोडले, आणि लिंग नदी ओलांडून अलीकडे डिचोली महालात आणले गेले. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचे देवालय नव्याने बांधविले. आग्र्याच्या दरबारात ज्यांना योग्य जागा मिळाली नाही, त्यांनी दोनच वर्षांनी एका स्थानभ्रष्ट देवाला जागा दिली, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. त्या देवालयाचा जीर्णोद्धार होऊन 2023 साली ते पुन्हा लोकांस खुले झाले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. ज्यांच्या देवांनाच रातोरात आसने सोडून नद्या ओलांडाव्या लागल्या, त्या आमच्यासारख्या समाजाने आपल्या बैठकीला कायमची म्हणताना थोडे अडखळावे हे बरे. देवांची आसने हलली आणि श्रद्धा हलली नाही, कारण श्रद्धा भिंतीला जखडलेली नव्हती.

मेस्ताचे वाक्य या ठिकाणी आम्हांस पुनः पुनः आठवले. आधार देणारा आणि आधार घेणारा यांच्यामध्ये वाऱ्याला वाट हवी. भिंत गादीला इतकी चिकटली की मागची ओल कोणाला दिसत नाही. समोरून कापड सुंदरच असते. आणि एके दिवशी हात लावला की फळी आतून पोकळ झालेली सापडते. संसारात असे आधार आपण पाहतो. मुलाच्या पाठीशी इतका घट्ट उभा राहिलेला बाप, की बाप गेल्यावर मुलाचा कणाच सापडत नाही. देवळाच्या पाठीशी इतका घट्ट उभा राहिलेला दाता, की देऊळ कोणाचे हे पुढच्या पिढीला विचारावे लागते. आधार खोटा होता असे नव्हे, तो फार जवळ होता. तिरकस पट्टीवर अडकविलेली गादी भारानेच भिंतीला धरून राहते, आणि वेळ आली की दोन हातांनी वर उचलून काढता येते. धरून ठेवणे आणि जखडून ठेवणे यांत जो फरक आहे तो या साध्या युक्तीत उतरलेला आहे.

तिसऱ्या बैठकीत जे ठरले ते सांगून हा लेख पुरा करतो. गाद्या करावयाच्या, परंतु दोन्ही सोप्यांवर वाटून. आणि पहिली गादी मागील खांबाजवळच्या भिंतीवर. तेथे सोपो नव्हता, म्हणून चिऱ्याचा एक लहान कट्टा बांधावयाचा, कारण ज्या पाठी अवघडतात त्यांचे गुडघेही सहसा जमिनीवर बसू देत नाहीत. सर्व गाद्या पट्टीवर अडकवावयाच्या, मागे फट राखावयाची, आणि पावसाळ्याआधी उतरवून ठेवावयाच्या. नारदाच्या गादीची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच; कीर्तनकार त्या गादीवर बसत नाही, उभा राहतो, हे एक बरे आहे. चार लोडही ठेवावयाचे, कारण मान द्यावासा वाटणे हाही मनुष्याचा चांगला गुण आहे आणि त्यासाठी काहीतरी हातात हवे.

उरला नावाचा प्रश्न. कीर्तन ऐकावयास आलेल्या प्रत्येकाच्या मानेमागे एका दिवंगत गृहस्थाचे नाव असावे हे बहुतेकांस रुचेना, आणि हे देणगीदारांना कसे लिहावे हेही कोणास सुचेना. शेवटी असे लिहिले की नाव गादीच्या मागील अंगास, फळीवर, कोरून घालू, भिंतीकडील बाजूस. तेथे ते मेस्ताला, वर्षातून एकदा गाद्या उन्हात टाकणाऱ्यांना, आणि देवाला दिसेल. उत्तर यावयास आठ दिवस लागले. त्यांनी सहांऐवजी तीनच गाद्यांचे पैसे पाठविले. पत्रात राग नव्हता, परंतु दुःख होते, आणि ते आम्ही समजू शकतो. बापाचे नाव लोकांनी वाचावे असे वाटणे हा काही हलकेपणा नव्हे. त्यांनी विरोध केला असता तर आम्हांस सोपे गेले असते. त्यांनी अर्धे मानले, आणि अर्धे मानणाऱ्याचे ऋण अधिक जड असते. उरलेल्या तिन्हींसाठी अद्याप वर्गणी जमत आहे. एक महाजन या निर्णयाच्या निषेधार्थ गादीला पाठ न लावता ताठ बसतात. गीतेच्या सहाव्या अध्यायाचे पालन अशा रीतीने का होईना, होत आहे.

खांबाजवळची गादी प्रथम बसली. ती बाई पहिले दोन दिवस तेथे बसली नाही, खांबापाशीच बसली. तिसऱ्या दिवशी तिची नात तिला हाताला धरून घेऊन आली आणि कट्ट्यावर बसविले. तिने आधी हाताने कापड चाचपून पाहिले, मग हळूच पाठ मागे नेली. आम्ही समोर बसलो होतो आणि आमच्या मागे काही नव्हते. पुराण चालले होते ते सुदाम्याचे. द्वारकेच्या राजाने दरिद्री मित्राला स्वतःच्या पलंगावर बसवून त्याचे पाय धुतले, तो प्रसंग. आमची कंबर त्या संध्याकाळी पुष्कळ दुखली हे कबूल करतो. परंतु आपली पाठ दुखत असताना दुसऱ्याची टेकलेली पाहणे यातही एक प्रकारचे सुख आहे. ते सुख लोडावर बसून मिळाले नसते, एवढेच वाचकांस नम्रपणे सांगावयाचे आहे.